एक नाव, तीन ठिकाणी भांडण: निकाल मागायचा कुठे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

आजोबांनी १९६८ साली आमच्या आडनावाने मसाल्यांचा धंदा सुरू केला. १९८५ मध्ये ते मृत्युपत्र न करता गेले. मागे आजी, काका, माझे वडील आणि आत्या. १९८७ मध्ये काका आणि वडिलांनी भागीदारी पेढी केली. १९९६ मध्ये लेबलची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली ती एकट्या काकांच्या नावावर. मोठा भाऊ म्हणून कुणी हरकत घेतली नाही. २०१४ मध्ये दोघे वेगळे झाले. कागद केला नाही. महाराष्ट्र आमचा, कर्नाटक त्यांचा, एवढंच तोंडी ठरलं. वडील २०१९ मध्ये गेले.

आता चुलत भाऊ त्याच नावाने ऑनलाइन माल विकतात आणि त्यांची पार्सलं पुण्यात येतात. मी मार्चमध्ये पुणे जिल्हा न्यायालयात ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आमच्या नावाच्या पतीवर स्वतःचा माल खपवल्याचा, दावा लावला. जूनमध्ये त्यांनी बेळगावच्या व्यावसायिक न्यायालयात काकांच्या नोंदणीच्या आधारे उल्लंघनाचा दावा लावून माझ्याविरुद्ध एकतर्फी मनाई हुकूम आणला. मी स्वतःच्या नावावर नोंदणीचा अर्ज केला होता, त्याला त्यांनी मुंबईच्या नोंदणी कार्यालयात विरोध केला. आमचे वकील म्हणतात, उच्च न्यायालयात काकांची नोंदणी रद्द करायला ताबडतोब अर्ज टाकू. एक नातेवाईक म्हणतात, दिल्ली उच्च न्यायालयात दावा टाक आणि पोलिसांतही जा, म्हणजे ते ताळ्यावर येतील. कुठल्या कोर्टात आधी जिंकलो तर हा प्रश्न कायमचा मिटेल? तडजोडीचं मन होत नाही, वडिलांच्या कष्टांवर पाणी सोडल्यासारखं वाटतं.

उत्तर:

कोर्ट निवडण्याआधी दोन मुदती तपासा. त्या हुकल्या तर पुढचा सगळा विचार वाया जाईल.

पहिली मुंबईची. विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत तुमचं उत्तर, म्हणजे प्रतिनिवेदन, नोंदणी कार्यालयात दाखल झालं पाहिजे. नाही झालं तर व्यापारचिन्ह अधिनियम १९९९च्या कलम २१ प्रमाणे तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. ही नोटीस बहुतेक वेळा अर्जात दिलेल्या ईमेलवर येते आणि तो ईमेल अनेकदा जुन्या एजंटचा असतो, तेव्हा तिथे आजच विचारा. दुसरी मुदत बेळगावची. व्यावसायिक दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्यायची असते. न्यायालय कारण नोंदवून ती १२० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यानंतर मात्र कैफियत घेतलीच जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. नेहमीच्या दिवाणी दाव्यातली ‘पुढच्या तारखेला देऊ’ ही सवय इथे महागात पडते.

आणि बेळगावचा मनाई हुकूम, तो तुम्हाला कितीही अन्यायाचा वाटला तरी, आज पाळायचा. पुण्यात आपला दावा आधीचा आहे म्हणून तो हुकूम आपल्याला लागू नाही, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ प्रमाणे हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हुकुमात नेमकी कशाला मनाई आहे ते वकिलांसोबत शब्दाशब्दाने वाचा: नावाला, लेबलला, की रंगसंगतीला? संपूर्ण भारतात, की ठरावीक भागात? पुष्कळदा लेबल बदलून, नुसत्या पत्त्यासकट साध्या पाकिटात, काही माल विकायची वाट मोकळी असते. ती मोकळी आहे का हे न्यायालयाकडून स्पष्ट करून घेता येतं.

तो हुकूम उठवण्याचा रस्ताही तिथेच आहे. एकतर्फी हुकूम मिळवणाऱ्याने अर्ज, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती लगेच समोरच्याला पाठवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. ते दिलं का बघा. मग त्यांचा दावा काढून पुण्याच्या दाव्याचा उल्लेख शोधा. जूनच्या आधी त्यांना पुण्याची नोटीस बजावली गेली असेल आणि तरी दाव्यात तिचा पत्ताच नसेल, तर आदेश ३९ नियम ४ तुमच्या बाजूने आहे: महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून नोटिशीविना मिळवलेला हुकूम न्यायालयाने उठवायचा असतो, अपवाद करायचा तर कारणं लिहावी लागतात. पुण्यातला बजावणीचा अहवाल, म्हणजे बेलिफचा शेरा किंवा टपालाचा ट्रॅकिंग कागद, प्रमाणित करून बेळगावला जोडा. या एका कागदाला पानभर युक्तिवादापेक्षा जास्त वजन आहे. हुकूम कायम राहिला तर व्यावसायिक अपील ६० दिवसांत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जातं. पण अंतरिम हुकुमावरच्या अपिलात वरचं न्यायालय खालच्या न्यायालयाच्या विवेकात सहजासहजी हात घालत नाही, म्हणून खरी लढाई नियम ४च्या अर्जातच करा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘कुठे आधी जिंकलो तर प्रश्न मिटेल’ यात एक गृहीतक दडलेलं आहे: तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न चालू आहे आणि कोण आधी निकाल देतं एवढीच शर्यत आहे. तसं नाही. पुण्यातलं न्यायालय ठरवेल की बाजारातली पत, म्हणजे गुडविल, कुणाची आणि चुलत भावांच्या मालामुळे ग्राहकाची फसगत होते का. बेळगावला ठरेल की नोंदणीकृत चिन्हाचं उल्लंघन झालं का आणि तुमच्याकडे त्याचा काही बचाव आहे का. नोंदणी कार्यालय फक्त तुमच्या नव्या अर्जाचं बघेल. पुण्यात जिंकलात तरी काकांची नोंद नोंदवहीत तशीच राहील. बेळगावला ते जिंकले तरी १९८७च्या पेढीची मालमत्ता कशी वाटली गेली हे त्यातून ठरेलच असं नाही. आणि उच्च न्यायालयाने काकांची नोंदणी रद्द केली, तर ती तुमच्या पदरात पडत नाही. ती कुणाचीच राहत नाही, आणि तिसऱ्याच कुणी त्या आडनावाचा मसाला काढून दुकानात ठेवला तर नोंदणीच्या जोरावर त्याला अडवता येत नाही.

या सगळ्याखाली प्रश्न एकच आहे. आजोबांच्या धंद्याची पत १९८५, १९८७ आणि २०१४ या तीन टप्प्यांवर कुणाकडे गेली? तो सुटला की बाकीच्या तिन्ही फाइल बंद व्हायला लागतात. तुमचं सगळं बळ या प्रश्नाभोवती, आणि शक्यतो एकाच ठिकाणी, गोळा करायला हवं.

त्यासाठी आधी नोंदणीची मूळ कागदपत्रं मागवा. संकेतस्थळावरची नोंद बघून थांबू नका, टीएम-एम फॉर्म भरून १९९६च्या अर्जाची प्रमाणित प्रत काढा. त्या काळचे अर्ज टंकलिखित असत. त्यात तीन जागी नजर टाका. मालकाच्या रकान्यात काकांच्या नावापुढे ‘अमुक पेढी या नावाने व्यापार करणारे’ असं काही लिहिलंय का? वापर कधीपासून, याची तारीख काय दिलीय? आणि पत्ता घरचा की कारखान्याचा? वापर १९६८ पासून असं काकांनीच लिहिलेलं असेल, तर त्यांनी स्वतःच कबूल केलं आहे की ही पत त्यांच्या वडिलांच्या धंद्यातून आली. मग नूतनीकरण बघा. १९५८च्या जुन्या कायद्यात मुदत सात वर्षांची होती, नव्या कायद्यात ती दहा वर्षांची झाली, म्हणजे १९९६ नंतर साधारण २००३, २०१३ आणि २०२३. २००३ आणि २०१३ची फी पेढीच्या खात्यातून गेली असेल, तर बँकेचं तेवढं एक पान महत्त्वाचं आहे. पेढीच्या पैशाने, पेढीच्या मालावर, पेढीच्या कारखान्यात वापरलेलं चिन्ह एका भागीदाराच्या नावावर नोंदलेलं असलं, तरी ते पेढीची मालमत्ता असल्याचं म्हणता येतं. भागीदारी अधिनियम १९३२च्या कलम १४ मध्ये गुडविल पेढीच्या मालमत्तेत धरलेलं आहे.

‘नोंदणी त्यांच्या नावावर, म्हणजे आपण हरलो’ ही भीती म्हणूनच काढून टाका. २०१५ साली तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या नावावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की नोंदणीपेक्षा आधीच्या वापराचा हक्क वरचढ ठरतो. पण हेच तत्त्व दोन्हीकडून चालतं. तुमच्या चुलत भावांचा वापरही त्याच आजोबांपर्यंत जातो. ‘२०१४ पासून काकांनी आमचा महाराष्ट्रातला वापर डोळ्यांदेखत चालू दिला, म्हणजे संमती होती’ हा तुमचा बेळगावचा चांगला बचाव आहे, व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम ३० मध्ये गर्भित संमतीला जागा आहे. तोच मुद्दा ते कर्नाटकातल्या वापराबद्दल पुण्यात मांडतील. ‘आडनाव आमचं’ हाही मुद्दा दोघांचाच आहे. कलम ३५ स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरू देतं, पण तीच अक्षरं, तोच रंग, तोच शिक्का घेऊन वापरलं तर प्रामाणिकपणा सिद्ध करणं अवघड जातं.

तुमच्या पत्रात एका व्यक्तीचा उल्लेख एकदाच आला आहे आणि तुमच्या वकिलांनी तिच्याबद्दल काही म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही: आत्या. आजोबा १९८५ मध्ये मृत्युपत्र न करता गेले आणि धंदा त्यांच्या एकट्याच्या मालकीचा होता. हिंदू वारसा अधिनियम १९५६ प्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत, गुडविलसकट, आजी, दोन मुलगे आणि मुलगी यांचा सारखा हिस्सा झाला. भावांनी १९८७ मध्ये पेढी केली तेव्हा आजी आणि आत्याचं काय ठरलं होतं? हक्कसोड कुठे झाली होती का? आजीच्या हिश्श्याचं पुढे काय झालं? तुम्ही दोनच शाखा धरून चालला आहात, पण कायद्याच्या नजरेत कदाचित तिसरीही आहे. उद्या तुमची आणि काकांची तडजोड झाली आणि आत्या किंवा तिची मुलं म्हणाली की आम्हाला विचारलं कुणी, तर नवा दावा उभा राहील. आत्या हयात असेल तर तिला आताच भेटा. न्याय म्हणून तर तिला विचारलं पाहिजेच. शिवाय दोन्ही घरांत उंबरा ओलांडू शकणारं आज कुणी असेल तर बहुधा तीच.

आता दोन राज्यांतल्या दाव्यांचं. पुणे मुंबई उच्च न्यायालयाखाली, बेळगाव कर्नाटक उच्च न्यायालयाखाली. त्यामुळे कुठलंही एक उच्च न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली दोन्ही दावे एकत्र करू शकत नाही. दोन मार्ग उरतात. एक, त्याच संहितेचं कलम १०: नंतरचा दावा थांबवा, असा अर्ज नंतरच्याच न्यायालयात, म्हणजे बेळगावला करायचा. कसोटी अशी की पहिल्या दाव्याचा अंतिम निकाल दुसऱ्या दाव्याला बांधील ठरेल का. तुमचा दावा पासिंग ऑफचा आणि त्यांचा उल्लंघनाचा, म्हणून ‘मुद्दे वेगळे’ असं उत्तर येईल आणि अर्ज फेटाळला जाण्याचा धोका खरा आहे. शिवाय दावा थांबला तरी अंतरिम हुकूम चालू राहू शकतो. दुसरा मार्ग कलम २५: सर्वोच्च न्यायालयात बदली याचिका. तिथे कसोटी जास्त मोकळी आहे, न्यायाच्या दृष्टीने दोन्ही दावे एका ठिकाणी चालणं योग्य आहे का एवढं बघितलं जातं. तेच पक्षकार, तोच इतिहास, तेच साक्षीदार आणि दोन परस्परविरोधी निकालांची शक्यता, हे मुद्दे ठळक मांडा.

माझं मत विचाराल तर बदली याचिका करा, पण ‘पुण्यातच’ या हट्टावर तिचं यश टांगू नका. पहिला दावा पुण्याचा असल्याने मागणी पुण्याची करणं योग्यच. पण काकांचं वय, नोंदणीधारक म्हणून व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम १३४ प्रमाणे स्वतःच्या गावी दावा लावायचा त्यांचा हक्क, हे विरुद्ध बाजूने येईल. दोन्ही दावे बेळगावला एकत्र चालले, तरी ते दोन ठिकाणी चालण्यापेक्षा तुमच्या हिताचं आहे. खर्च वाढेल, मराठी कागदांची भाषांतरं करून द्यावी लागतील. पण साक्ष एकदाच होईल आणि निकाल एकच येईल.

पुण्याच्या दाव्याची एक कच्ची बाजू मात्र आजच भक्कम करा. पासिंग ऑफला वादीच्या गावी दावा लावायची सवलत नाही. प्रतिवादी राहतो तिथे किंवा दाव्याचं कारण घडलं तिथेच तो लावावा लागतो. त्यांचं संकेतस्थळ पुण्यात उघडतं एवढ्याने भागत नाही. पुण्यातल्या खऱ्या ग्राहकांना झालेल्या विक्रीची बिलं, पार्सलवरचा पत्ता, चुकून तुमच्याकडे आलेल्या तक्रारी हे सगळं हवं. स्वतःच मागवलेलं एखादं पार्सल आधाराला चालतं, पण एकट्या त्याच्यावर अधिकारक्षेत्र उभं करू नका. फोनमधल्या संदेशांच्या आणि संकेतस्थळांच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते नसल्यामुळे चांगला पुरावा बाजूला पडतो. २०१४ पासूनची वर्षवार विक्री आणि जाहिरात खर्च सनदी लेखापालाकडून प्रमाणित करून घ्या. वेगळे झाल्याचं लेखी नाही म्हणता, पण विक्रीकराची नोंदणी कधी वेगळी झाली, अन्नपरवाना कुणाच्या नावाचा, पेढीचं खातं कधी बंद झालं, शेवटचं विवरणपत्र कोणत्या वर्षाचं, यातून २०१४ची तोंडी वाटणी उभी करता येते. कौटुंबिक वाटणी तोंडी असली तरी ती ग्राह्य धरता येते, ती सिद्ध मात्र करावी लागते. पेढी नोंदणीकृत नव्हती असा आक्षेप आला तर घाबरू नका: हल्दीराम कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलं आहे की भागीदारी अधिनियमाच्या कलम ६९ची आडकाठी पासिंग ऑफच्या दाव्याला लागत नाही. पेढीच्या हिशेबाची मागणी मात्र आता जोडू नका, विसर्जनापासून तीन वर्षांची मुदत कधीच उलटली आहे.

नोंदणी रद्द करण्याच्या अर्जाबद्दल: तुमचे वकील सुचवतात तो मार्ग बरोबर, क्रम चुकीचा आहे. उल्लंघनाचा दावा चालू झाल्यावर परस्पर उच्च न्यायालय गाठता येत नाही. आधी बेळगावच्या लेखी कैफियतीत ‘ही नोंदणीच अवैध आहे’ हे कारणांसकट म्हणायचं. तिथल्या न्यायालयाला ते म्हणणं प्रथमदर्शनी टिकणारं वाटलं तर ते ठरवायचा मुद्दा म्हणून नोंदवलं जातं, दावा तीन महिने थांबतो आणि त्या अवधीत उच्च न्यायालयात दुरुस्तीचा, म्हणजे नोंद रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा, अर्ज करायचा. ते तीन महिने गेले तर अवैधतेचा बचाव सोडला असं मानलं जातं. राजकोटच्या ‘फील्ड मार्शल’ या नावावरच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हेच ठरवलं. दुरुस्तीसाठी पूर्वी वेगळं अपील मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. काकांची नोंद मुंबई कार्यालयाची असेल तर मुंबई उच्च न्यायालय सुरक्षित. आणि अर्जात फक्त ‘रद्द करा’ म्हणू नका. व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम ५७ खाली नोंदीत बदलही मागता येतो. मालकाच्या रकान्यात चिन्हाच्या खऱ्या हक्कदारांची नावं यावीत, ही पर्यायी मागणी जरूर घाला. कुटुंबाभोवतीची भिंत शाबूत ठेवून दार उघडणारी मागणी तीच आहे.

दिल्लीचा विचार सोडा. तिथे ना तुमचं मुख्य कार्यालय, ना दाव्याचं कारण. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजय दालिया प्रकरणात सोयीचं दूरचं न्यायालय गाठण्याच्या प्रवृत्तीला लगाम घातला आहे. शिवाय व्यावसायिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १२-अ प्रमाणे तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे आणि तातडी नुसती दाखवण्यापुरती असली तर दावाच नाकारला जातो. आणखी एक दावा टाकलात तर बदली याचिकेत ‘यांनीच न्यायालयांची संख्या वाढवली’ हे वाक्य तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. पोलिसांचंही तेच. नोंदणी काकांच्या नावावर असताना फौजदारी तक्रार तुमच्यावरच उलटायची. व्यापारचिन्हाच्या गुन्ह्यात झडतीआधी पोलिसांना व्यापारचिन्हांच्या निबंधकाचं मत घ्यावंच लागतं, म्हणजे वेगही मिळत नाही. मिळेल ती फक्त वृद्ध काकांच्या दारात उभी राहिलेली पोलिसांची गाडी, आणि त्यानंतर बोलणी होत नाहीत. कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, मात्र दाखल करा, मुंबईला आणि धारवाडला. तो ९० दिवस टिकतो, मग नव्याने द्यावा लागतो.

तडजोडीबद्दल तुम्ही लिहिलेल्या वाक्यापाशी मी थांबलो. तडजोड म्हणजे वडिलांच्या कष्टांवर पाणी, असं तुम्हाला वाटतं. पण २०१४ मध्ये तुमच्या वडिलांनीच तडजोड केली होती आणि मरेपर्यंत पाळली. ती कागदावर आली नाही आणि ऑनलाइन विक्रीचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. ती नीट लिहून काढणं हे त्यांचंच राहिलेलं काम आहे.

फक्त ती आहे तशी लिहू नका. ‘महाराष्ट्र आमचा, कर्नाटक त्यांचा’ हे घरात बसून ठरवायला सोपं आणि कायद्यात ठिसूळ आहे. भारताच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या व्यक्तींचा अनन्य हक्क निर्माण करणारं हस्तांतरण व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे निबंधकाच्या मान्यतेशिवाय चालत नाही. हल्दीराम कुटुंबाने १९७४च्या पेढी-विसर्जनात पश्चिम बंगाल एका बाजूला आणि उरलेला देश दुसऱ्या बाजूला अशी वाटणी केली, आणि त्या वाटणीवर पुढच्या पिढ्या न्यायालयात लढल्या. माल वाटून घेणं, म्हणजे मसाले एकाचे, लोणची दुसऱ्याची, हे थोडं बरं. नोंदणीतले मालाचे वर्ग वेगळे आहेत, मसाले तीसमध्ये, लोणची एकोणतीसमध्ये. पण माल एकमेकांशी जोडलेला असल्याने कलम ४० आडवं येऊ शकतं आणि ग्राहकाला दोन्ही एकाच घरचं वाटत राहतं.

तुमच्यासारख्या कुटुंबात मला दोनच रचना टिकाऊ वाटतात. एक, चिन्ह एका कंपनीत किंवा एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) ठेवायचं, तिन्ही शाखांचे हिस्से ठरवायचे आणि धंदा करणाऱ्या दोघांना तिने परवाना द्यायचा. किर्लोस्कर समूहात चिन्हांसाठी अशी वेगळी कंपनी आहे. अशी कंपनी केली की भांडणं संपतात असं नाही, त्या घराण्यातही वाद न्यायालयात गेले. पण नाव कुणाचं, याचं उत्तर निदान कागदावर असतं. यात गुणवत्तेची तपासणी कोण करणार, परवाना कोणत्या कारणाने काढून घेता येईल आणि दोघांचं मत अडलं तर निर्णय कसा, हे तीन मुद्दे लिहिले नाहीत तर पाच वर्षांत पुन्हा इथेच याल. दुसरी रचना: मूळ नाव एका शाखेकडे, दुसरीला त्याची किंमत आणि स्वतःची ठळक वेगळी ओळख. २०२५ मध्ये लोढा बंधूंचा नावाचा वाद मुंबई उच्च न्यायालयाने मध्यस्थीकडे पाठवला आणि काही महिन्यांत मिटला: ‘लोढा’ हे नाव एकाकडे, ‘हाऊस ऑफ अभिनंदन लोढा’ दुसऱ्याकडे. बांधकामात हे जमलं. मसाल्यात पाकीट लांबून ओळखलं जातं, म्हणून नुसतं नाव बदलून पुरणार नाही, रंग आणि मांडणीही वेगळी लागेल.

मध्यस्थीची मागणी ज्या न्यायालयात पुढची तारीख आधी आहे तिथे करा, आणि मध्यस्थ बौद्धिक संपदेचा जाणकार मागा. बोलणी चालू असेपर्यंतचा तह आधी लिहून घ्या: नवे अर्ज नाहीत, नव्या राज्यांत वितरक नाहीत, ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी एकमेकांचा माल तक्रार करून बंद पाडायचा नाही, आणि बोलण्यातलं काही न्यायालयात वापरायचं नाही.

जमलं तर तडजोडीच्या कागदाकडे भावनेने नको, कारकुनाच्या नजरेने बघा. सह्या सगळ्यांच्या: काका, चुलत भाऊ, तुम्ही, तुमची भावंडं, आई, आत्या, आणि ज्या ज्या पेढ्या-कंपन्यांच्या नावाने धंदा चालतो त्या सगळ्या. हस्तांतरण गुडविलसह आहे की नाही हे स्पष्ट लिहा. गुडविलशिवाय असेल तर सहा महिन्यांत निबंधकाकडे जाहिरातीच्या निर्देशांसाठी अर्ज करावा लागतो. लेबलवरचं चित्र ही वेगळी मिळकत आहे. तिचा कॉपीराइट स्वतंत्रपणे लेखी हस्तांतरित करा आणि मुदत ‘संपूर्ण कॉपीराइट काळासाठी’ अशी लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. संकेतस्थळाचं नाव, समाजमाध्यमांवरची खाती, ऑनलाइन दुकानांतली ब्रँडची नोंद, नकाशावरची नोंद, पासवर्डसकट यादीत घ्या. छापून पडलेली पाकिटं किती आहेत ते दोन्हीकडे मोजून ती संपवायची तारीख ठरवा. मुद्रांक शुल्क आणि जीएसटी सही करण्याआधी बघून घ्या. लवादाचं कलम घाला. तमिळनाडूतल्या एका बिर्याणी हॉटेलच्या कौटुंबिक वादात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मान्य केलं आहे की चिन्हाच्या हस्तांतरण करारातले आपसातले वाद लवादाकडे जाऊ शकतात. म्हणजे पुढचं भांडण तरी एकाच टेबलावर होईल.

मग ती तडजोड आदेश २३ नियम ३ खाली एका दाव्यात दाखल करून तिचा हुकूमनामा घ्या. तो नियम दाव्याबाहेरचे विषयही तडजोडीत घेऊ देतो, म्हणून नोंदणी, विरोध, कॉपीराइट सगळं त्यात बसतं. दुसऱ्या दाव्यात त्या हुकूमनाम्याची प्रत जोडून पुरशिस, म्हणजे दावा मिटल्याचं लेखी निवेदन, द्या, बेळगावचा मनाई हुकूम उठल्याचा स्वतंत्र लेखी आदेश घ्या. मुंबईत विरोध मागे घेतल्याचं पत्र आणि मालकी बदलाचा टीएम-पी फॉर्म त्याच आठवड्यात दाखल करा. हुकूमनामा हाती आल्यावर हे शेवटचं काम लांबणीवर पडतं, नोंदवहीत काकांचंच नाव राहतं, आणि पुढच्या नूतनीकरणाला, २०३३ मध्ये, सही कुणाची हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.